पाव आला नाही तर वड्याचं काय?



2025 साली गणपती 27 ऑगस्टला आले. आपल्या पोलादपूर-महाडकडचे चाकरमानी आदल्या दोन-तीन दिवसांत गावात उतरतात, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे बाबा मात्र चांगले दहा-बारा दिवस आधीच आले. मुलगा खूश! मुलाला सोडायला ते शाळेच्या फाटकाशी आले तेव्हा मी सहज म्हटलं, "यंदा लवकर सुट्टी मिळाली वाटतं?"

"सुट्टी कसली सर, काम नाय. मशिनी हायत, माणसं हायत, पण पुढची कंपनी माल उचलीत नाय. शेठ म्हणला, जावा गावाला, बोलावतो मग."

ते पुण्याजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहेत. विजेवर चालणाऱ्या स्कूटरसाठी लागणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि ब्रॅकेट तिथे कापून, वाकवून, भोकं पाडून तयार होतात. हा माल थेट स्कूटर बनवणाऱ्या कंपनीकडे जात नाही. मधल्या एका कंपनीकडे जातो, तिथे त्याला आणखी काही जोडलं जातं आणि मग तो पुढे जातो. म्हणजे हे बाबा साखळीत तिसऱ्या कडीवर उभे.

दुसऱ्या दिवशी मुलाने वर्गात विचारलं, "सर, बाबांचं मशीन बिघडलेलं नाही. कंपनी बुडालेली नाही. गाड्यांना गिऱ्हाईक पण आहे म्हणतात. मग काम का नाही?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही. "बघून सांगतो" म्हटलं. त्या बघण्यातून जो पाठ तयार झाला तो आज तुमच्यासमोर ठेवतोय. माझ्याकडे पाचवी ते सातवी एकत्र बसतात, त्यामुळे पाठ त्या वयाला धरून आहे. पण पालकांनीही वाचावा, कारण आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल अशाच एखाद्या साखळीच्या शेवटच्या कडीवर पेटते.

सुरुवात वडापावपासून

"पुरवठादार" हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलं जांभया देतात. म्हणून मी विचारलं, एसटी स्टँडजवळच्या वडापावच्या गाडीला रोज काय काय लागतं? फळा भरला. बटाटे, बेसन, तेल, मिरच्या, लसूण, गॅसची टाकी, पाव, कागद, पाणी. मग प्रत्येक वस्तूपुढे ती कुठून येते ते लिहिलं आणि तिसरा प्रश्न विचारला: ही वस्तू उद्या आली नाही तर काय करता येईल?

इथे मुलांची डोकी चालायला लागली. बटाटे संपले तर किराणावाल्याकडे मिळतील, थोडे महाग पडतील. मिरच्या कोणाच्याही परसात असतात. तेल चार दुकानांत आहे. गॅस संपला तर शेजारच्या हॉटेलातून एक दिवस टाकी मागता येईल. पाव? एक मुलगी म्हणाली, "सर, पाव सकाळी एकाच टेंपोतून येतो. टेंपो नाही आला तर गावात कोणाकडेच नसतो."

बरं, आता खर्च बघा. गाडीवाल्याचा सगळ्यात जास्त पैसा जातो तेल, बेसन आणि गॅस यांवर. पाव त्या मानाने स्वस्त. पण धंदा बंद पडतो तो पावामुळे! वडे तळून तयार, गिऱ्हाईक उभं, आणि गाडी बंद. पहिल्या तासाला मुलांना एवढंच कळलं तरी पुरे, असं मी ठरवलं होतं: कुठली वस्तू किती महाग आहे यावरून धोका कळत नाही. ती मिळण्याची वाट एकच आहे की दोन-चार आहेत, यावरून कळतो.

स्कूटरच्या पोटातला पाव

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. सहावीच्या सामान्य विज्ञानात "चुंबकाची गंमत" हा पाठ आहे. तो शिकवताना एक मोडकी खेळण्यातली गाडी घ्या आणि तिची छोटी मोटर उघडा. आत दोन वाकडे काळसर तुकडे दिसतील, ते चुंबक. मध्ये तारेचं वेटोळं. वीज सोडली की वेटोळं फिरतं. विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये रचना वेगळी असली तरी तत्त्व हेच: चुंबक हवाच.

फक्त तिथला चुंबक साधा चालत नाही. दोन माणसं बसवून आंबेनळी घाट चढायचा तर छोट्या जागेत प्रचंड ताकद हवी. ती नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या चुंबकात असते. शिवाय मोटर तापली तरी चुंबकाची ताकद उतरू नये म्हणून त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम ही मूलद्रव्यं अगदी थोडी मिसळतात. भाजीत हिंग घालतात ना, तेवढी. या गटाला दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये म्हणतात. नाव थोडं फसवं आहे. जमिनीत ती तशी फार दुर्मिळ नाहीत. कठीण आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं, शुद्ध करणं आणि त्यांचे चुंबक घडवणं. हे किचकट, घाण करणारं, खर्चिक काम गेल्या तीस-चाळीस वर्षांत बहुतेक देशांनी सोडून दिलं आणि चीनने चिकाटीने धरून ठेवलं. आज असे सुमारे 90 टक्के चुंबक एकट्या चीनमध्ये तयार होतात.

4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. अमेरिकेशी आयातकरावरून भांडण चाललं होतं, त्याचं हे उत्तर. नियोडिमियम त्या यादीत नव्हतं. पण डिस्प्रोशियम आणि टर्बियम होतं. म्हणजे भाजी अडली नाही, हिंग अडलं, आणि हिंगाशिवाय ती भाजी शिजवायची कृतीच कंपन्यांकडे नव्हती. हा माल लष्करी कामाला वापरणार नाही असं लिहून द्यायचं, कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायचा आणि परवान्याची वाट बघत बसायचं. आपल्याकडच्या कंपन्यांचे अर्ज महिनोन्महिने तसेच पडून राहिले.

बजाज ऑटोची विजेवरची चेतक पुण्याजवळ आकुर्डीला बनते. जुलै 2025 मध्ये कंपनीला उत्पादन कमी करावं लागलं आणि ऑगस्टमध्ये कदाचित एकही विजेची गाडी बनणार नाही, अशी शक्यता राजीव बजाज यांनी उघडपणे बोलून दाखवली. सुदैवाने तसं पूर्ण झालं नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात थोडा माल मिळाला, काही बदल केले गेले आणि काम पुन्हा सुरू झालं. देशातल्या इतर कंपन्यांनाही कमी-अधिक हीच झळ बसली. सणासुदीच्या तोंडावर गाड्यांना मागणी होती, कारखाना होता, कामगार होते, बॅटऱ्यासुद्धा होत्या. अडलं ते गाडीच्या किमतीत किरकोळ वाटा असलेल्या चुंबकाशी.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: "तुझे बाबा पट्ट्या कापतात. पट्ट्या गाडीला लागतात. गाडीला मोटर लागते. मोटरला चुंबक लागतो. चुंबक आला नाही." तो विचार करून म्हणाला, "म्हणजे पाव आला नाही."

वाट एकच असली की

आपल्याकडच्या मुलांना "एकच वाट" हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 2021 च्या 22 जुलैला महाड पाण्याखाली गेलं, तळीयेची दरड कोसळली, आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला, तेव्हा आज सातवीत असलेली मुलं अगदी लहान होती. पण घरोघरी ते बोललं जातं. त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला आणि बरेच दिवस बंद राहिला. महाबळेश्वर एवढ्या जवळ असून लांबचा वळसा घ्यावा लागत होता.

त्याआधी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या त्यासोबत गेल्या. त्या माणसांची आठवण वर्गात काढताना मी जपूनच बोलतो, कारण कोणाच्या घरचं कोण होतं हे आपल्याला माहीत नसतं. पण एक गोष्ट मुलांना नक्की दाखवण्यासारखी आहे. त्या जुन्या पुलाशेजारी दुसरा, नंतर बांधलेला पूल उभा होता. तो तपासून त्यावरून वाहतूक सुरू करता आली. पडलेल्या पुलाच्या जागी नवा पूल व्हायला जून 2017 उजाडला. शेजारचा पूल नसता तर एवढे महिने मुंबई-गोवा रस्त्याचं काय झालं असतं याचा अंदाज तुम्हीच करा.

कारखान्याच्या भाषेत याला दुसरा पुरवठादार म्हणतात. तो फुकट मिळत नाही. एकाच माणसाकडून सगळा माल घेतला तर तो भाव कमी करून देतो. दोघांकडून घेतला तर दोघेही थोडे महाग पडतात. वर्षानुवर्षं काही बिघडत नाही आणि हिशेब तपासणाऱ्याला वाटतं, हा दुसरा उगाच कशाला पोसतोय? मग एक दिवस तो दुसरा काढून टाकतात. पुलाचंही तसंच आहे, नाही का? कोरड्या नदीवर दोन पूल बघून कोणीही हसेल.

शिकवणाराच उठून गेला तर

बाहेरून फक्त सुटे भागच येतात असं नाही. कधी कधी विद्याच बाहेरून येते. स्कूटरचाच विषय निघाला म्हणून पुण्यातल्याच दोन जुन्या गोष्टी सांगतो. पालकांपैकी काहींनी या गाड्या चालवल्या असतील.

पहिली गोष्ट बजाजचीच. 1960 च्या सुमारास बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून भारतात व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. रचना त्यांची, नाव त्यांचं, बनवणार आपण. 1971 ला करार संपला आणि पुढे वाढला नाही. आता व्हेस्पा हे नाव वापरता येणार नाही. दुसरी एखादी कंपनी इथेच बसली असती. पण अकरा वर्षांत इथल्या कामगारांचे आणि इंजिनिअरांचे हात तयार झाले होते, सुटे भाग बनवणारे लोक आजूबाजूला उभे राहिले होते. 1972 मध्ये कंपनीने स्वतःच्या नावाने गाडी आणली. ती चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. पुढे या गाडीसाठी लोक पैसे भरून कित्येक वर्षं नंबर लागायची वाट बघत, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

दुसरी गोष्ट कायनेटिक होंडाची. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी 1984 मध्ये भागीदारी केली. किक मारायला नको, गिअर टाकायला नको, बटण दाबलं की चालू. त्या काळी बायकांना आणि वयस्कर माणसांना ही गाडी म्हणजे मोठीच सोय होती. पण इंजिनाची विद्या होंडाची होती. 1998 मध्ये होंडाने आपला हिस्सा कायनेटिकला विकला आणि ती बाहेर पडली. वर्षभरात होंडाने भारतात स्वतःची वेगळी स्कूटर कंपनी काढली आणि 2001 मध्ये ॲक्टिव्हा आणली. कालचा भागीदार आज समोरच्या दुकानात! कायनेटिकने नंतर बरेच प्रयत्न केले, पण 2008 मध्ये तो दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला.

आता या दोन गोष्टींवरून "एकाने शिकून घेतलं, दुसऱ्याने नाही" असा झटपट निकाल लावू नका. मीही आधी मुलांना तसंच सांगणार होतो. पण काळ वेगळा होता. 1972 ला बाहेरची कंपनी भारतात येऊन आपल्यासमोर दुकान मांडू शकत नव्हती, सरकारचे नियम तसे होते. 1998 ला ती येऊ शकत होती. म्हणजे कराराची मुदत जशी बघायची, तसा करार संपल्यावर भागीदार काय काय करू शकतो हेही बघायला हवं. मुलं याला फार छान शब्द वापरतात: "सर, तो क्रिकेटमध्ये आपल्या टीममधून खेळला, आपल्या सगळ्या खुणा शिकला आणि मग त्यांच्या टीममध्ये गेला."

दहा मिनिटांची आग आणि शिवणयंत्रवाले

जगातली दोन उदाहरणं मी सातवीला सांगतो. मुलांना ती गोष्टीसारखी आवडतात.

17 मार्च 2000 ला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीच्या फिलिप्स कारखान्यावर वीज पडून आग लागली. दहाएक मिनिटांत विझली. पण तिथे मोबाइलच्या चिप बनत आणि चिप बनते त्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही. धूर आणि पाणी गेल्याने तयार होत असलेल्या असंख्य चिप वाया गेल्या. तिथून माल घेणारे दोन मोठे गिऱ्हाईक होते, फिनलंडची नोकिया आणि स्वीडनची एरिक्सन. "आठवडाभरात सुरू करतो" असं फिलिप्सने सुरुवातीला दोघांनाही कळवलं. नोकियाच्या माणसांनी ते नुसतं ऐकून घेतलं नाही. रोज चौकशी सुरू केली, फिलिप्सच्या इतर कारखान्यांतून आणि दुसऱ्या कंपन्यांकडून चिप मिळवल्या, जमेल तिथे चिपची रचनाही बदलून घेतली. एरिक्सनमध्ये ती बातमी वरच्या साहेबांपर्यंत पोचायलाच काही आठवडे लागले, आणि काही चिपसाठी त्यांच्याकडे दुसरा पुरवठादारही नव्हता. त्यांची सुमारे 40 कोटी डॉलरची विक्री बुडाली. पुढच्याच वर्षी एरिक्सनने मोबाइलचा धंदा सोनीबरोबर एकत्र केला.

आग दोघांसाठी एकच होती. मुलांना मी विचारतो, फरक कुठे पडला? एकाने सांगितलं, "नोकियाने रोज विचारलं." एवढं पुरे.

दुसरी गोष्ट जपानची. 1 फेब्रुवारी 1997 च्या पहाटे करिया गावातला आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधली एक मुठीएवढी झडप जवळपास सगळीच्या सगळी तिथे बनत होती. टोयोटा माल साठवून ठेवत नाही, लागेल तेवढाच लागेल त्या वेळी मागवते, आणि त्यासाठी जगभर तिचं कौतुक होतं. त्यामुळे झडपांचा साठा काही तासांचाच होता. टोयोटाचे जपानमधले जवळपास सगळे कारखाने थांबले, सुमारे 70,000 गाड्यांचं उत्पादन बुडालं. पण पाच-सहा दिवसांत गाडं परत रुळावर आलं. कसं? आयसिनने झडपेची रेखाटनं सगळ्यांना मोकळी करून दिली आणि आजूबाजूच्या कितीतरी कंपन्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून झडपा करायला घेतल्या. शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा त्यात होती! सुरुवातीला कोणी पैशाचं बोलणंही केलं नाही. वर्षानुवर्षांचे संबंध होते, तेच कामी आले.

म्हणून "दुसऱ्यावर विसंबू नका" असा सरधोपट सुविचार मी या पाठाला जोडत नाही. आपल्या शिवथरघळीच्या परिसरात हा उपदेश मुलांनी शंभरदा ऐकलेला असतो आणि तो आळशी माणसाला उद्देशून आहे. कारखान्याला तो जसाच्या तसा लावला तर चाकण, भोसरी, वाळूजमधली हजारो छोटी वर्कशॉप उद्या बंद करावी लागतील. कारण मोठ्या कंपन्या बाहेरून भाग घेतात म्हणूनच एखादा माणूस दोन लेथ मशिन टाकून चार पोरांना कामाला लावतो. आमच्या मुलाच्या बाबांची नोकरी त्यातूनच आहे.

त्यांचीही एक बाजू आहे आणि ती पुस्तकात सहसा नसते. पुरवठादार आटला तर कंपनीचं नुकसान होतं, हे सगळे सांगतात. पण पुरवठादाराचं गिऱ्हाईक एकच असेल तर? त्या वर्कशॉपचा सगळा माल एकाच ठिकाणी जातो. तिथे थांबलं की इथे थांबलं. मोठी कंपनी पेट्रोलच्या गाड्या बनवून तग धरते. वर्कशॉपकडे दुसरं काम नसतं आणि कामगाराकडे दुसरा पगार नसतो. एकच वाट त्यांच्याही नशिबी, फक्त उलट्या दिशेने. या बाबांना सप्टेंबरात परत बोलावणं आलं. मधल्या दिवसांचा पगार मात्र मिळाला नाही.

सरकारही जागं झालं आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ही मूलद्रव्यं आहेत, आणि ती काढणारी आयआरईएल ही सरकारी कंपनी 1950 पासून आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने देशातच वर्षाला 6,000 टन चुंबक बनवता यावेत म्हणून 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चांगलंच आहे. पण वाळू असणं आणि चुंबक बनवणं यात किती वर्षांची मेहनत आहे, ते वर आलंच आहे.

आमच्या वर्गातला काळा पडदा

आता थोडं स्वतःकडे. आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून स्पर्शाने चालणारा मोठा डिजिटल फळा घेतला. पालकांनी शंभर-दोनशे करत पैसे जमवले, मुंबईच्या मंडळाने भर घातली. दोन वर्षं मुलांनी त्यावर काय काय बघितलं! मग एका पावसाळ्यात वीज गेली-आली आणि फळा बंद पडला. ज्या दुकानदाराने तो बसवला त्याने सांगितलं, आतला बोर्ड बाहेरून येतो, कंपनीने तो बोर्ड आता बंद केलाय. त्यातले पाठ दुसऱ्याच एका कंपनीचे होते, त्यांची मुदत संपली होती आणि त्यांचा फोन लागत नव्हता. दुकानदार माणूस वाईट नाही. त्याच्याही हातात काही नव्हतं.

मला स्वतःचाच राग आला. विकत घेताना मी पडदा किती इंची, आवाज किती, हे विचारलं. बोर्ड कोण बनवतं, तो किती वर्षं मिळेल, पाठ इंटरनेटशिवाय आणि मुदत संपल्यावर उघडतील का, तुमचं दुकान बंद झालं तर महाडमध्ये दुसरं कोण दुरुस्त करील, यातलं काहीच विचारलं नाही. वर्गात वडापावच्या गाडीवर तावातावाने बोलताना एका मुलीने कोपऱ्यातल्या चादर टाकलेल्या फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "सर, मग याचा पाव कुठला?" वर्ग हसला. मीही हसलो, पण लागलं.

नंतर शाळेला प्रिंटर घ्यायचा होता. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आईनेच दुकानदाराला विचारलं, "याची शाई फक्त तुमच्याकडंच मिळंल का कुठं पण?" आम्ही थोडा जुन्या धाटणीचा, पण महाडच्या तीन दुकानांत ज्याची शाई मिळते असा प्रिंटर घेतला. छपाई काही फार सुबक येत नाही. चालते.

तुम्ही हा उपक्रम घेणार असाल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक तर मुलांना घरच्या धंद्यावर किंवा नोकरीवर तक्ता करायला सांगताना उत्पन्न विचारू नका, फक्त "काय लागतं, कुठून येतं, नाही आलं तर काय" एवढंच विचारा. नाहीतर पालक बिचकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. दुसरं, तक्ता एका दिवसात संपवू नका. आमच्याकडे पिठाच्या गिरणीवाल्याच्या मुलाने पहिल्या दिवशी फक्त "वीज" लिहिलं होतं. चार दिवसांनी तो घरून विचारून आला आणि त्याने खाली लिहिलं: पट्टा, जाती टाकणारा माणूस. जात्याच्या दगडाला टाके घालणारा माणूस लांबून वर्षातून दोनदा येतो. आता म्हातारा झालाय. त्याच्यापुढच्या तिसऱ्या रकान्यात, म्हणजे "नाही आला तर काय" या रकान्यात, मुलाने काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "बाबांना विचारलं सर. ते म्हणाले, आपण कधी हा विचारच केला नाय. आता पुढच्या वेळी तो आला की मला त्याच्याजवळ बसायला सांगितलंय."